कामगंध

'कामगंध सापळा' हा शब्द मी प्रथम ऐकला तो वडिलांच्या तोंडून. वर्गात विप्रलंभ शृंगार शिकवणाऱ्या मला तो एखाद्या दीर्घकथेचे शीर्षक वाटला होता. प्रत्यक्षात आमच्या हापूसच्या बागेत फांदीला टांगलेला तो प्लास्टिकचा एक डबा होता. आत मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेला लाकडी ठोकळा. त्या वासाने ओढल्या जाणाऱ्या फळमाश्या, आणि त्याही केवळ नर.

पुढे वाचनात आले की, हा शब्द इथे तितकासा नेमका नाही. १९५९ साली बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशीम-पतंगांच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून मिळवला, तो खरा कामगंध. मिथाईल युजेनॉल हे वनस्पतींमधले द्रव्य. तुळशीतही ते सापडते. नर ते खातो आणि त्यापासून मादीला बोलावणारा स्वतःचा गंध घडवतो. म्हणजे सापळ्याकडे त्याला खेचते ती प्रेयसी नव्हे, तर तिला साद घालण्यासाठी लागणारी भाषा!

वडील दर रविवारी मेलेल्या माश्या मोजून वहीत आकडा लिहीत. "सापळा मारण्यासाठी कमी, कळण्यासाठी जास्त," असे ते म्हणत. आकडा चढू लागला की ते गळलेली फळे वेचून खोल पुरत आणि तोडणीची घाई करीत. मादी सालीला सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. बाहेरून फारसे काही दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वडील रुग्णालयात होते. बाग माझ्याकडे आणि टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दोन रविवार मी सापळे उघडलेच नाहीत. वहीत मात्र मागच्या आकड्यांशी जुळतील असे दोन आकडे लिहून ठेवले. घरी आल्यावर वडिलांनी वही पाहिली आणि उरलेली फळे आणखी आठवडाभर झाडावर राहू दिली.

त्यानंतर पिकलेला पहिला आंबा त्यांनी स्वतः कापला. साल निर्दोष, आत अळ्या.

त्यांनी पुन्हा वही मागवली. बराच वेळ त्या पानाकडे पाहिले. "अक्षर छान आहे हो तुझे," एवढेच म्हणाले आणि दोन्ही आकड्यांवर काट मारली.

ते गेल्यापासून वही मी भरतो. संहिता न वाचताच तिच्यावर सफाईदार लिहिलेली उत्तरे तपासताना ते पान आठवते. गुण कापतो; पण शेरा मात्र लिहवत नाही.