जांभळांचा शिरका

राजूर गांवीं आमचें आजोळ आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस तिकडे पावसाची पहिली सर आली, कीं परसांतील जांभळीखालीं फळांचा सडा पडतो. पिकलेलें जांभूळ फार दिवस टिकत नाहीं. म्हणून आमची आजी दरसाल त्याचा शिरका घालीत असे. इंग्लंडांत हेरफर्डशायर परगण्यांत आणि फ्रान्सांत नॉर्मंडी प्रांतांत सफरचंदांचा रस आंबवितात, त्यांतलाच हा प्रकार.

एके वर्षीं आजी संगमनेरास मावशीकडे गेली होती. तेव्हां आम्हीं दोघां भावंडांनीं आपणच शिरका घालून तिला चकित करावयाचें ठरविलें. जांभळें धुऊन कोरडीं केलीं, हातांनीं कुसकरून बिया काढल्या, गर फडक्यांत पिळला आणि रस चिनी मातीच्या बरणींत भरून तोंडावर पातळ फडकें बांधलें. तिसरे दिवशीं रस बुडबुडूं लागला. वर फेंस आला. आम्हांस मोठी मौज वाटली. पण सहावे दिवशीं बरणीजवळ जातांच दारूसारखा वास आला आणि आमचें धाबें दणाणलें!

आजोबांना दारूचें नांवहि खपत नसे. मोहाच्या दारूनें धुळीस मिळालेलीं घरें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. त्यांना जाऊन विचारावें, हा सरळ मार्ग आम्हांस सुचला नाहीं. आम्हीं रस दोन बाटल्यांत ओतला, बुचें ठोकून वर लाख लाविली आणि बाटल्या माळ्यावर कणगीमागें दडविल्या.

तिसऱ्या रात्रीं माळ्यावर बार झाला. आजोबा दिवा घेऊन अनवाणीच वर गेले. एक बाटली फुटून तिच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या. भिंतीवरून जांभळे ओघळ वाहत होते. अंधारांत एक कांच आजोबांच्या तळपायांत रुतली. तें रक्त पाहून आम्हांस रडूं कोसळलें व आम्हीं सर्व हकीकत सांगितली. पाय बांधून होईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “बाळांनो, वास आला त्याचें मला एवढें वाटत नाहीं, माझ्यापासून लपविलेंत, त्याचें वाटतें.”

दुसरे दिवशीं आजी आली. तिनें उरलेली बाटली ओल्या जाड फडक्यांत गुंडाळून बूच हळूहळू सैल केलें, रस पुन्हा बरणींत ओतला व तोंडावर फडकें बांधलें. “ह्याला वारा लागूं द्या,” एवढेंच ती म्हणाली. दीड महिन्यानें तो वास गेला आणि रस झणझणीत आंबट झाला. कांद्याच्या कोशिंबिरींत घातलेला तो शिरका प्रथम आजोबांनींच चाखला.

ह्यामागील कारण आम्हांस पुढें शाळेंत कळलें. फळाच्या सालीवर डोळ्यांस न दिसणारे किण्व असतात. ते रसांतील साखरेचें मद्य करितात आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. त्यास बाहेर पडावयास वाट न मिळाली, तर बाटली फुटते. म्हणून आंबणाऱ्या रसास घट्ट बूच कधींहि लावूं नये. पुढें हवेच्या साहाय्यानें दुसरे सूक्ष्म जीव त्या मद्याचें आम्ल बनवितात, तोच शिरका. हें काम सजीवांचें आहे, असें लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1864 सालीं दाखवून दिलें.

बालवाचकहो, आमच्या हातून चूक झाली ती शिरका घालण्यांत नव्हे, तर बूच ठोकण्यांत झाली. त्या रसास हवा हवी होती, आणि आम्हांस आजोबांजवळ जाऊन दोन शब्द बोलण्याचें धैर्य हवें होतें. आतां आजोबा नाहींत. परंतु ज्येष्ठांत जांभळें पिकलीं, कीं आम्ही शिरका घालतों; आणि बरणीच्या तोंडावर फडकें बांधतांना त्यांचा तो बांधलेला पाय आम्हांस आठवतो.