खालांच्या परसातली वांगी

यावल तालुक्यातील बामणोद म्हणजे भरताच्या वांग्यांचे गाव. फिकट हिरवी, गरदार, कमी बियांची वांगी. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे आमच्या खालांच्या परसातले बियाणे त्याच्या कितीतरी आधीचे. दर हिवाळ्यात एक वांगे त्या झाडावरच पिवळे होऊ देतात.

कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगीत ठेचून भरीत झाले. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. गॅसवरच्या भरताला हा धुराचा वास येतच नाही!

जेवताना कळले, घर विकायचे ठरले आहे. खाला मुलाकडे पुण्याला जाणार. निघताना त्यांनी बियांची पुरचुंडी दिली.

"गच्चीवर येतील का, खाला?"

"कुंडी मोठी घ्या, बेटा. आणि एक वांगं बियाला ठेवा."