सह्याद्रीच्या पाठीमागे

महाराष्ट्राच्या निसर्गाचं वर्णन करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा समुद्रापासून निघतो. खाडीतली खारफुटी, जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, आगरातल्या पोफळी. मग घाट, धबधबे, गड. तिथून त्याची नजर उडी घेते ती थेट विदर्भात, मेळघाटच्या सागवनात नाहीतर ताडोबाच्या बांबूत. मधे माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, पारनेर असा केवढा तरी मुलूख पसरलेला आहे. तो बहुतेकांनी रात्रीच्या गाडीत झोपेतच ओलांडलेला असतो. मला त्या मुलखाविषयी लिहायचं आहे, कारण माझा जीव तिथे जडला आहे.

खरं तर यातले बहुतेक मुलूख एकाच दगडाची लेकरं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत राहिला, थरावर थर चढत गेले आणि आजच्या महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसॉल्टनं झाकला गेला. कळसूबाईचा १६४६ मीटर उंचीचा माथा त्याचाच, वेरूळचं कैलास लेणं ज्यातून कोरलं तो कातळ तोच, आणि वऱ्हाडातली कापसाची काळी माती म्हणजे त्याचीच झीज. भंडारा-गडचिरोलीकडे आणि दक्षिण कोकणात मात्र त्याच्याही आधीचे, कितीतरी पुराणे खडक उघडे पडतात. एरवी आपल्या पायाखाली सगळीकडे हाच दगड.

दगड एक असला तरी पाऊस एक नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं. तिथून पूर्वेला दहिवडी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथे जेमतेम पाचशे. नैर्ऋत्येचा वारा घाट चढताना आपलं ओझं पश्चिमेलाच उतरवून टाकतो आणि पठारावर येईपर्यंत हलका, कोरडा होतो. आषाढात माणदेशात उभं राहावं, तर डोक्यावरून ढगांच्या फौजा पूर्वेकडे धावताना दिसतात. खाली नुसत्या सावल्या पळतात, अंगावर थेंब येत नाही. इथल्या शेतकऱ्याची सारी भिस्त परतीच्या पावसावर आणि त्या ओलीवर येणाऱ्या शाळूवर. अशा ठिकाणी, टेकड्यांच्या उतारांवर आणि माथ्यांवर, जिथे मुरमावर वीतभरही माती नाही, तिथे निसर्गानं माळ मांडला आहे.

या माळाला मोकळा म्हणणाऱ्यानं त्याच्यावरून एकदा सावकाश चालून पाहावं. पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात काळपट मुरमातून हिरवी लव उठते. भाद्रपदापर्यंत पवन्या, मारवेल, कुसळी गुडघ्याला लागतात. दिवाळीच्या सुमारास सगळं गवत तांबूस सोनेरी होतं आणि वारा आला की अख्खी टेकडी एका दिशेनं वाहू लागते. पाऊस पडून गेल्यावर चंडोल गात गात सरळ वर चढतो, ठिपका होईपर्यंत चढतो, आणि तो दिसेनासा झाला तरी गाणं खाली येतच राहतं. माळटिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते. घरटं असं नाहीच. अंड्यांचा रंग हाच आडोसा. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. थांबला की मातीत मिसळून जातो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत शिकार शोधतात आणि मावळतीला एकेक करून त्याच गवतात उतरतात, कारण त्यांची रात्र झाडावर नसते, जमिनीवर असते. ओढ्याच्या काठच्या बिळात लांडगीण पिल्लं घालते, खोकड असतं. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट आहेत, सुप्याच्या मयूरेश्वरात चिंकारा. आणि माळढोक? त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजच्या परिसरात अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे. मीटरभर उंचीचा, छाती काढून चालणारा तो पक्षी इथल्या गवतातून नाहीसा होत गेला, हे दुःख महाराष्ट्रानं पुरेसं केलेलंच नाही असं मला वाटतं.

माणसंही याच गवतावर उभी राहिली. दिवाळी सरली की धनगरांची बिऱ्हाडं घोड्यांवर चढतात आणि मेंढरं पश्चिमेकडे, ओल्या मुलखाकडे निघतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्री वाघुरीत कोंडलेल्या कळपाचं लेंडीखत जमिनीला मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. पाऊस लागायच्या सुमारास कळप परत माळाकडे वळतो, कारण घाटाच्या चिखलात मेंढरू टिकत नाही, त्याला कोरडी जमीन लागते. बिरोबा, खंडोबा, शिखर शिंगणापूरचा महादेव ही या वाटांवरची दैवतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली ती याच मातीतून. मराठी कादंबरीला माळानं एवढं दिलं आहे.

तरीही सातबाऱ्यावर तो पोटखराबा आणि सरकारी नकाशांत पडीक. या समजुतीच्या मुळाशी एक कल्पना आहे, की इथे कधीकाळी घनदाट जंगल होतं आणि माणसांनी ते तोडून, चारून असं उजाड केलं. काही ठिकाणी झाडं तुटली, हे खरंच. पण जुन्या मराठी ग्रंथांतले झाडझाडोऱ्याचे उल्लेख अभ्यासकांनी तपासले, तेव्हा त्यांत बाभूळ, पळस अशी उघड्या रानातली झाडं पुन्हा पुन्हा भेटली. माळ शेकडो वर्षांपूर्वीही माळच होता. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही कातळावर पातळच माती आहे. तिथे पाऊस भरपूर म्हणून भाद्रपदात फुलं उसळतात, आणि २०१२ साली ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे झाडं नाहीत म्हणून कुणी हळहळत नाही. पूर्वेकडच्या या भावाला तेवढा मान का नसावा?

आता माळावर दर पावसाळ्यात चर खोदले जातात, गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहतात, हिरवाईचे फोटो निघतात. हेतू चांगला असतो, लोक घाम गाळतात. पण ज्या मुरमावर हजारो वर्षं गवतानं मुळं रोवून माती धरली, ती जमीन उकरली जाते. सावलीत गवत मरतं. आणि दूरवर पाहता येणं ही ज्यांची सुरक्षितता, त्या धाविक-चंडोलांना बसायला जागा उरत नाही. धनगराच्या चराईला कुंपण पडतं ते वेगळंच.

म्हणून पुढच्या जूनमध्ये रोपं घेऊन श्रमदानाला निघणाऱ्यांना माझी विनंती आहे. जागा ठरवण्याआधी त्या गावातल्या मेंढपाळाला विचारा, इथे कोणकोणतं गवत येतं. त्यानं पवन्या, मारवेल, कुसळी अशी नावं घेतली, तर ती रोपं गावठाणात लावा, शाळेच्या आवारात लावा, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला लावा. माळावर खड्डे पाडू नका.