मळखाऊ, पक्का आणि गुलाबी

आमच्या पिढीतल्या कोल्हापुरी घरांत दिवाळीचे कपडे ताग्याने यायचे. थोरले काका इचलकरंजीहून एकच तागा उचलायचे. त्या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे आसपासच्या जिल्ह्यांनी त्याच गावचं कापड अंगावर घातलं. शिंपी सोप्यात बसून सगळ्या पोरांची मापं घ्यायचा. शर्ट, परकर, झंपर, फ्रॉक, सगळे एकाच बुट्टीचे. उरलंसुरलं उशीच्या खोळींना. भावंडं गल्लीतून निघाली की कोण कुठल्या घरचं, हे लांबूनच कळायचं.

पोराचा रंग कुठला, पोरीचा कुठला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारलं जायचं दोनच: रंग मळखाऊ आहे का, आणि पक्का आहे का. दुसरी परीक्षा चुलतआजीकडे. कापडाचं टोक ओलं करून ती चिमटीत चोळायची. "पोरापोरीचं काय त्यात? रंग गेला न्हाई म्हंजे झालं!" झबली-टोपडी तर थोरलीची धाकट्याला, त्याची पुढच्या बहिणीला, विटेपर्यंत. संक्रांतीच्या बोरन्हाणात मुलगा असो की मुलगी, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. आमच्या एका पैलवान भावाचा हलव्याच्या हारातला फोटो अजून आहे, तो लपवतो तेवढंच.

आता दुकानात बारशाचं कापड मागितलं की आधी विचारतात, मुलगा की मुलगी, आणि मुलीसाठी गुलाबी गठ्ठा पुढे सरकवतात. कोल्हापुरात! जिथे चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि गडीमाणसं डोक्यापासून पायांपर्यंत गुलाबी होऊन उतरतात, जिथे निवडणूक जिंकलेल्याचं तोंड गुलालाने ओळखू येत नाही आणि नवऱ्यामुलाच्या डोक्यावर हमखास गुलाबी फेटा असतो. बरं, हा नियम जिकडून आला म्हणतात तिकडेही तो जुना नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या कापडधंद्याच्या एका मासिकाने मुलग्यांना गुलाबी आणि मुलींना निळा, असा उलटाच सल्ला दिला होता.

म्हणून 'सगळ्यांसाठी एकच' असं लिहिलेले आजचे राखाडी, मातकट शर्ट नातवंडं कौतुकाने दाखवतात, तेव्हा आम्हाला मौज वाटते. पण आमचे ते दिवस रंगाच्या बाबतीत मोकळे होते, असंही म्हणवत नाही. रंगाचा कायदा होता, तो पोरापोरींवर नव्हता इतकंच. तो चुलतआजीवर होता. सगळ्या घराचे रंग पारखणारी ती बाई स्वतः फिक्या लुगड्यात असायची. कपाळ मोकळं, हातात हिरवी बांगडी नाही. तिच्याच वयाचे विधुर आजोबा लग्नकार्यात गुलाबी फेटा बांधून पहिल्या पंगतीला. आम्हाला त्यात काही खटकत नव्हतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. चुलतआजी तोवर उरली नव्हती. आमच्यातल्या एका विधवा बहिणीने त्यानंतर हिरव्या बांगड्या भरल्या. दुसरीने अजून भरलेल्या नाहीत. सून म्हणते भरा, ती म्हणते बघू.