तैवानचा रात्रबाजार: चिक्की, रताळं आणि वासाचं टोफू

परदेशवारीचं ठरलं की आपल्या घरात व्हिसाच्या आधी खाण्याची चर्चा सुरू होते. एक जण सगळं खाणारा, एक अंड्यापर्यंत येऊन थांबणारा आणि घरातली ज्येष्ठ व्यक्ती पूर्ण शाकाहारी असेल, तर निम्मी बॅग मेतकूट, दशम्या आणि चिवड्यानेच भरते. माझी लेक तैवानच्या शिंचू शहरात शिकते. तिला भेटायला मी आणि माझी 74 वर्षांची आई निघालो, तेव्हा ज्याने त्याने हेच ऐकवलं, "आईंचे फार हाल होतील हो तिकडे. त्या हॉटेलवर बसून राहतील आणि तुम्ही बाजार फिराल." तुमच्याही घरात अशी एखादी आई, सासू किंवा आजी असेल, म्हणून हे सविस्तर सांगते.

जत्राच, पण रोजची

इंदूरचा सराफा किंवा अहमदाबादचा माणेक चौक रात्री पाहिला असेल, तर तैवानचा 'येशी' म्हणजे रात्रबाजार समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाड्या लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत गल्ली जागी असते. यातले बरेचसे बाजार देवळांच्या आसऱ्याने वाढले. दर्शनाला माणसं येत, तिथे खाण्याच्या गाड्या लागत. तैपेईतला राओहे बाजार एका मोठ्या मंदिराच्या शेजारूनच सुरू होतो, तर कीलुंगच्या बाजाराचं नावच मियाओकोऊ, म्हणजे 'देवळाचं दार'.

तैपेईतला शिलिन सर्वांत प्रसिद्ध आणि पसरलेला आहे. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर मी राओहे सुचवेन. तो एकच सरळ रस्ता आहे, चुकामूक होत नाही आणि मेट्रो स्टेशन जवळ आहे.

रंध्याने किसलेली चिक्की

सुरुवात इथून करा. गाडीवर शेंगदाण्याच्या चिक्कीची भलीमोठी लादी ठेवलेली असते. विक्रेता ती सुताराच्या रंध्याने तासतो आणि खाली चिक्कीचा भुगा साचतो. मग मैद्याच्या पातळ पोळीवर हा भुगा पसरायचा, त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि वर चक्क कोथिंबीर! मग गुंडाळी करून हातात देतात.

आई पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली. "अगं, ही तर आपली चिक्की! पण आइस्क्रीमवर कोथिंबीर कोण घालतं?" पहिल्या घासानंतर मात्र तिने कोथिंबिरीची तक्रार केली नाही. गोडाला तो हिरवा, ताजा वास फार छान उठाव देतो. नको असेल तर आधीच हाताने खूण करा, ते घालत नाहीत.

रताळं आणि साबुदाणा

रताळ्याचे गोळे जवळजवळ प्रत्येक बाजारात मिळतात. उकडलेलं रताळं, साखर आणि टॅपिओकाचं पीठ मळून लहान गोळ्या करतात. तळताना त्या झाऱ्याने तेलात पुन्हा पुन्हा दाबतात. दाबलं की चपटी होते, सोडलं की फुगते. असं करत करत गोळी आतून पोकळ आणि बाहेरून कुरकुरीत होते. गरम असतानाच खा, गार झाली की मऊ पडते.

बबल टीमधले काळे मोती म्हणजे आपल्या साबुदाण्याचे थोरले भाऊ. दोन्ही कसावा या कंदाच्या पिठापासून बनतात. आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, तोही याच कंदाचा. हा चहा 1980च्या दशकात तैवानमध्येच जन्मला. तो आधी कुणी केला यावर ताइचुंग आणि ताइनान इथल्या दोन चहागृहांचा वाद होता, तो कोर्टापर्यंत गेला. मागवताना साखर आणि बर्फ किती हवा ते सांगता येतं. निम्मी साखर सांगितलीत तरी आपल्या जिभेला पुरेशी गोड लागते. अगदी लहान मुलांना मात्र मोती देऊ नका, जाड नळीतून ते सरळ घशात जाऊ शकतात.

उन्हाळा असेल तर 'आइयू' जेली घ्या. अंजीर-उंबराच्या कुळातल्या एका वेलीच्या फळातलं बी पाण्यात चोळलं की पाणी न उकळताच थलथलीत घट्ट होतं. वरून लिंबू आणि साखरेचा पाक. पोटाला थंड वाटतं.

त्या वासाचं काय?

आता ज्याची सगळे धास्ती घेतात ते 'चोउ दोउफू', म्हणजे शब्दशः 'दुर्गंधी टोफू'. आंबवलेल्या खारवणीत मुरवून टोफू तळतात. बरोबर आंबट कोबी आणि लसूण-मिरचीचा रस्सा देतात. गाडी दिसण्याआधी तिचा वास येतो. जितका वास उग्र तितकं टोफू चांगलं, असं तिथले लोक मानतात.

माझा हात आपोआप नाकाकडे गेला. आईने तो हळूच खाली केला. म्हणाली, "गिरगावच्या चाळीत आपल्या शेजारच्या काकू सुकट भाजायच्या, आठवतं? तुझ्या आजीने एकदाही दार लावून घेतलं नाही. वास आपल्याला आला तरी जेवण त्यांचं होतं."

आजही आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या वासावरून भाड्याचं घर नाकारलं जातं. लेकीला शिंचूत खोली शोधताना तोच अनुभव आला होता, फक्त तिथे नाक आपल्या फोडणीला मुरडलं गेलं होतं. तिने ते आजीला पहिल्यांदा त्या गाडीसमोर उभं राहून सांगितलं. आईने टोफू खाल्लं नाही, कारण त्या खारवणीत कधी कधी मासे किंवा मांसही घालतात. पण लेकीची प्लेट संपेपर्यंत ती तिच्या शेजारीच उभी होती.

मांसाहारी मंडळींसाठी

राओहेला मिरी-पाव चुकवू नका. कांद्याची पात आणि भरपूर मिरी घातलेलं सारण भरून हे पाव मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतात, अगदी आपल्या तंदुरी रोटीसारखे. सारण डुकराच्या मांसाचं असतं, हे आधी जाणून घ्या. कालवांचं ऑम्लेट रताळ्याच्या पिठामुळे चिकट-लवचिक होतं. कोकणातली कालवं आवडत असतील तर हे नक्की आवडेल. तळलेल्या चिकनच्या गाडीवर शेवटी मूठभर बेझिलची पानं तळून घालतात. ही तुळशीची चुलत बहीण, तिथे तिला 'नऊ मजली मनोरा' म्हणतात.

शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेली काळपट वडी दिसली तर जपून. ती भात आणि डुकराच्या रक्ताची असते.

शाकाहारी व्यक्ती बरोबर असेल तर

एक शब्द पाठ करा: 'सू'. म्हणजे शाकाहार. या अक्षराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा. तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी लोक भरपूर आहेत. त्यांचा कडक शाकाहार कांदा-लसूणही वगळतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या आजींचीही सोय होते. अनेक घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. आईला हे कळल्यावर तिने लगेच विचारलं, "म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच की!" काही शाकाहारी दुकानांवर स्वस्तिकही दिसतं.

तरीही गाडीवर डुकराची चरबी वापरली आहे का आणि तेल वेगळं आहे का, हे विचारा. भाजलेलं कणीस, मशरूम, कांद्याच्या पातीचा पापुद्र्यांचा पराठा हे शाकाहारी वाटतात, पण सॉस आणि तवा तपासा. पराठ्यात अंडं नको असेल तर आधी सांगा.

थोडं व्यवहाराचं

रोख पैसे ठेवा. एक तैवानी डॉलर म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. कचराकुंड्या कमी दिसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी पर्समध्ये असू द्या. तैपेई मेट्रोत खाणं-पिणं पूर्ण बंद आहे, पाण्याचा घोटही नाही. दंड 7,500 तैवानी डॉलरपर्यंत होऊ शकतो, म्हणून बबल टी संपवूनच आत जा.

आणि शेवटचं. पहिली फेरी काहीही न घेता नुसती चालत मारा. दुसऱ्या फेरीत पहिली गाडी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला निवडू द्या. एक प्लेट घ्या, चौघांत वाटा, मग पुढे चला. पोट लवकर भरत नाही, पायांना विसावा मिळतो आणि हॉटेलवर एकटं बसून राहण्याची वेळ कुणावरच येत नाही.