चारातला एकच गडी राबतोय

"मशीन स्लो झालंय" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, हे कोणी सांगितलं? मशीनने की दुकानदाराने?

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सी++ चा प्रोजेक्ट, चार कोअरचा जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, वर लिनक्स. कंपाइल अर्ध्यावर मरायचं. बूटला दीड मिनिट जास्त लागायचं. दुकानदाराचा निकाल: "बोर्ड गेलाय, नवीन घ्या." मावशी एफडी मोडायला निघालेली. म्हटलं, मावशी, शनिवारपर्यंत थांब.

डीमेसेजमध्ये उत्तर लिहिलेलंच होतं: आउट ऑफ मेमरी. मेमरी संपली की कर्नल एखादी मोठी प्रोसेस मारून बाकीची सिस्टिम वाचवतो. 'फ्री' कमांडमध्ये स्वॅप शून्य. पण डिस्कवर स्वॅपचं पार्टिशन तर होतं!

झालं असं, की सुट्टीत त्याने शेजारी दुसरा डिस्ट्रो टाकला. त्या इन्स्टॉलरने स्वॅप नव्याने फॉरमॅट केलं आणि त्याचा यूयूआयडी बदलला. पहिल्याच्या एफएसटॅबमध्ये मात्र जुनाच पत्ता. सिस्टमडी त्या पत्त्यावर ९० सेकंद वाट बघायचं आणि पुढे जायचं. दीड मिनिटाचं कोडंही सुटलं! बीएलकेआयडीने नवा यूयूआयडी काढला, फाइलमध्ये टाकला, स्वॅप सुरू.

मग 'एनप्रॉक' चालवलं. उत्तर आलं १. चार गडी, राबतोय एकच.

पूर्वी असं दिसलं की संशय कर्नलवर जायचा. फेडोरा कोअर ५ पर्यंत एसएमपी कर्नलचं पॅकेज वेगळं असायचं. २००६ च्या कोअर ६ पासून दोन्हींना एकच कर्नल. आज पीसीवरच्या नेहमीच्या डिस्ट्रोंचा कर्नल एसएमपीच असतो. तेव्हा कर्नल कंपाइल करत बसू नका, बूटची ओळ बघा. इथे त्या ओळीत 'नोएसएमपी' होतं. कधीतरी इन्स्टॉल अडकलं म्हणून दुकानातच घातलेलं, तसंच राहिलेलं. ग्रबच्या फाइलमधून काढलं, अपडेट-ग्रब, रीबूट. चार!

यात क्रम महत्त्वाचा. कोअर वाढले की आपण 'मेक'ला चार कामं एकदम देतो, म्हणजे चार कंपायलर एकाच वेळी मेमरी मागतात. स्वॅपआधी कोअर चालू केले असते तर कंपाइल आणखी लवकर मेलं असतं, आणि आम्हीही बोर्डालाच दोष दिला असता.

अर्थात स्वॅप म्हणजे रॅम नव्हे. ती अडीअडचणीची उसनवारी. 'व्हीएमस्टॅट'मधले एसआय आणि एसओ हे रकाने सतत हलत असतील तर कामं चारऐवजी दोन करा, नाहीतर सरळ रॅम वाढवा. त्यासाठीसुद्धा एफडी मोडावी लागत नाही :)

कुठलंही मशीन भंगारात काढण्याआधी फ्री, एनप्रॉक आणि डीमेसेज एवढं तरी बघा. पाच मिनिटं लागतात.