लाईट येईपर्यंत

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला लोक मिरचीचं गाव म्हणतात. भोकरदन तालुक्यात हिरव्या मिरचीचा बाजार म्हटलं की आमचंच नाव निघतं. उन्हाळ्यात मल्चिंगवर रोपं लागली की पुढं तोडे संपेपर्यंत माणसाला डोकं खाजवायला सवड नसते. सकाळी तोडणीच्या बाया आणायच्या, दुपारी फवारणी, संध्याकाळी गोण्या भरून बाजार, रात्री मोटार. अशा गावात कुणी ‘सकाळ-संध्याकाळ एकेक तास डोळे मिटून बसा’ म्हणालं, तर लोक आधी त्याला चहा पाजतील आणि मग हळूच विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना?

मला ते इगतपुरीला सांगितलं गेलं. त्याच्या आदल्या हंगामात भाव असा पडला, की तोडणीची मजुरीसुद्धा मिरचीतून निघेना. उभ्या पिकात शेळ्या सोडल्या. उधारी डोक्यावर होतीच. झोप गेली ती गेलीच. रात्री दोनला उठून अंगणात येरझारा घालायचो, तर बायको दारात येऊन उभी राहायची. बोलायची काहीच नाही. पुढं कळलं, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या तिनं गुपचूप भावाकडं नेऊन ठेवल्या होत्या. माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण तिला ते कसं कळावं?

त्या भावानंच माझा फॉर्म भरला. फी नाही, हे ऐकून मी तयार झालो, खोटं कशाला बोलू? फेब्रुवारीत जालन्याहून मनमाडमार्गे रेल्वेनं गेलो. सत्यनारायण गोयंकांनी उभं केलेलं हे विपश्यनेचं केंद्र. १९७६ पासून तिथं शिबिरं भरतात. दहा दिवसांचं शिबिर, त्यात बोलणं बंद. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस तर नुसता नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा. गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीनं बेजार होऊन या वाटेला आलेले. त्यांचे गुरू ऊ बा खिन तर तिथल्या सरकारचे महालेखापाल होते. आपल्या कचेरीतल्या लोकांनाही ते ध्यान शिकवायचे. आकड्यांत बुडालेल्या माणसाला हे जमलं, म्हणजे आपल्यालाही जमेल, असं वाटलं.

घरी आल्यावर पहाटेचा तास चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मायनं हाक मारली, “डोळे लावून काय बसू राह्यला? लाईट आली ना!”

पण त्या लाईटीनंच मला जागा दाखवली. शेतीची थ्रीफेज लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळी असली की विहिरीवर जाऊन बसावं लागतं. आली तर मोटार चालू करायची, ठिबकचा फिल्टर धुवायचा, पुन्हा बसायचं. आधी त्या वेळात मी मनात उधारीची बेरीज करायचो. आता खाटेवर मांडी घालतो आणि श्वास बघतो. वीस मिनिटं, कधी पाच. बेरीज येतेच, आली की पुन्हा नाकाखाली यायचं. तास भरत नाही. शिबिरातल्या शिस्तीत हे बसणार नाही, पण पिकाच्या दिवसांत एवढंच बसतं.

यानं भाव वाढत नाही. चुरडा-मुरडा जात नाही. बाजारात वजनात कडता कापला की डोकं आजही तापतं. फक्त भांडण करायचं की नाही, हे ठरवायला मधे दोन श्वास मिळतात. आणि झोप परत आली. औषधाच्या बाटल्याही घरी आल्या, न बोलता, जशा गेल्या होत्या तशाच.

बायकोला म्हणालो, तूही बसत जा. ती हसली. “ओळीत वाकल्यावर दुसरं काय करते मी? देठ, बोट, देठ, बोट. तुमच्या गुरुजींनी शिकवायची गरज नाही.” थोडं थांबून म्हणाली, “पण दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, कुणासाठी रांधायचं नाही... मला कोण सोडील?”

माझे दहा दिवस तिनं म्हैस, माय आणि पोरं सांभाळून काढले होते. यंदा फेब्रुवारीसाठी तिचा फॉर्म भरलाय. स्वयंपाक माय बघेल. अडचण म्हशीची आहे. माझा हात लागला की ती पान्हा चोरते. सध्या रोज संध्याकाळी बायको शेजारी उभी राहते आणि मी धार काढायला शिकतोय. काल अर्धा लिटर निघालं.